आधी खडकाला विचारा

इंदूर शहराशी आम्हां गोमंतकीयांचे नाते जुने आहे. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची थोरली कन्या लता १९२९ साली त्याच शहरात जन्मली, आणि होळकरांच्या राजवाड्याभोवती मराठी बोलणारी घरे आजही नांदत आहेत. त्या इंदुरात ३१ मे २०२५ रोजी मेट्रो रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. सहा किलोमीटरांहून किंचित कमी लांबीचा, पाच स्थानकांचा आणि खांबांवर उभा असा तो मार्ग आहे. पुढचे काम मात्र निराळ्या जातीचे आहे. राजवाड्याच्या गजबजलेल्या भागात खांब रोवायला जागा नाही. म्हणून तेथे गाडी जमिनीच्या पोटातून नेण्याची योजना आखण्यात आली. शहराबाहेरही तोच प्रकार आहे. पश्चिमेला दाहोदकडे जाणाऱ्या लोहमार्गाची कोनशिला २००८ साली बसली आणि त्या मार्गावर टिही येथे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बोगदा खोदावा लागला. दक्षिणेला खंडव्याकडे जाणारी जुनी मीटरगेज गाडी पाताळपाणी ते कालाकुंड असा विंध्याचा कडा उतरत असे. रुंद मार्गाला तेवढा उतार झेपत नाही, म्हणून तेथे नवी वाट आणि नवे बोगदे आले. आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेला ३०९ किलोमीटरांचा, १८,०३६ कोटी रुपयांचा इंदूर–मनमाड मार्ग हाही त्याच कड्यावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरणार आहे.

अशा कामांच्या वेळी चर्चा कशाची होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. स्थानके किती, खर्च किती, श्रेय कोणाचे, रस्त्यावरच्या दुकानदारांचे काय होणार, हे प्रश्न विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत घोळले जातात, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या खडकात हे सारे खोदायचे, तो खडक आत्ता या क्षणी कोणत्या दिशेने दाबला गेलेला आहे, असा प्रश्न कोणा लोकप्रतिनिधीने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. प्रश्न रुक्ष वाटतो खरा. पण बोगद्यात काम करणाऱ्या मजुराच्या डोक्यावरचे छत टिकणार की नाही, याच्या उत्तराचा एक मोठा वाटा त्यात दडलेला आहे.

खडक म्हणजे निश्चल, निर्विकार वस्तू अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. जमिनीखालच्या खडकाचा कण न् कण सर्व बाजूंनी आवळलेला असतो. वरच्या थरांचे वजन त्याच्यावर असते, हे सहज समजते. एक घनमीटर काळा पाषाण पावणेतीन ते तीन टनांचा, तेव्हा शंभर मीटर खोलीवर दर चौरस मीटराला दोनशे ऐंशी टनांच्या आसपास भार झाला. हा उभा दाब त्रैराशिकाने काढता येतो. अडचण आडव्या दाबाची आहे. तो सर्व बाजूंनी सारखा नसतो; एका दिशेने जास्त, तिच्या काटकोनातल्या दिशेने कमी असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो उभ्या दाबालाही मागे टाकतो. स्वीडनमधील खाणींत निल्स हास्ट या अभियंत्याने १९५० च्या दशकात मोजमापे घेतली, तेव्हा आडवा दाब वरच्या वजनापेक्षा अधिक असल्याचे पाहून जाणकारही चकित झाले होते. पाठ्यपुस्तकांत याला 'प्रतिबल' असा भारदस्त शब्द आहे. आम्ही येथे साधा 'दाब' हाच शब्द वापरतो.

मातीच्या ओल्या गोळ्यात बोट खुपसून भोक पाडावे आणि गोळा दोन्ही तळव्यांमध्ये दाबावा. भोक गोल राहत नाही, चपटे होते. आणि ते कसे चपटे झाले ते पाहून तळवे कोणत्या बाजूंना होते हे न पाहताही सांगता येते. बोगदा म्हणजे असेच एक भोक. ज्या दिशेने आडवा दाब सर्वाधिक, त्याच दिशेने बोगद्याची लांबी धरली, तर तो दाब बोगद्याच्या अंगावर फारसा येत नाही. बोगदा त्याला आडवा गेला, तर सारा दाब छताभोवती आणि तळाभोवती एकवटतो; कठीण खडक असल्यास त्याच्या खपल्या उडतात, ठिसूळ असल्यास तो आत सरकू लागतो. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्या होत्या आणि तेथे दाबाखाली खडक अक्षरशः फुटून माणसे मरत. २००१ साली त्या खाणी बंद झाल्या. पण १९८८ साली तेथे स्थापन झालेली राष्ट्रीय शैल यांत्रिकी संस्था आजही देशभरच्या धरणांसाठी आणि भूमिगत वीजगृहांसाठी हे दाब मोजून देते.

हा आडवा दाब येतो कोठून? शेषाने मस्तक हलवले की भूकंप होतो, असे आपल्या आजीने सांगितलेले असते. शास्त्रज्ञांचे उत्तर कमी अद्भुत नाही. भारताचे सारे भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या गतीने उत्तर-ईशान्येकडे सरकत असून तिबेटच्या बाजूच्या भूमीवर रेटले जात आहे. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला, हे शाळेतील मुलेही सांगतात. पण भिंतीवर खांदा रेटणाऱ्या गड्याच्या पायांपर्यंत ताण उतरतो, तसा त्या धडकेचा दाब थेट दक्षिणेकडील पठारापर्यंत पोचतो, हे मोठ्यांनाही ठाऊक नसते. १९९२ साली गौड, श्रीराम राव आणि विनोद गौर या संशोधकांनी देशभरातील विंधण विहिरींची आणि भूकंपांची नोंद एकत्र करून या दाबाचा नकाशा मांडला. मध्य भारताच्या पट्ट्यात सर्वाधिक आडव्या दाबाचा कल उत्तर-ईशान्य ते पूर्व-ईशान्य यांच्या दरम्यान असल्याचे त्यातून दिसून आले. इंदूर या पट्ट्यात मोडते.

द्वीपकल्प हा स्थिर, भूकंपमुक्त भाग आहे या समजुतीने आपला घात किती वेळा केला, ते मोजून पाहावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीत हजारो माणसे घरांच्या दगडी भिंतींखाली गाडली गेली. सरकारी नकाशात तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता. २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरले. ते ज्या नर्मदा–सोन भ्रंशरेषेवर वसले आहे, तीच रेषा पश्चिमेकडे येत इंदूरच्या दक्षिणेकडून जाते. खंडवा जिल्ह्यातील पंधाना येथे १९९८–९९ मध्ये लहान धक्क्यांचे सत्र सुरू झाले, तेव्हा लोक घराबाहेर झोपत होते. पूर्व-पश्चिम पसरलेल्या जुन्या भेगेवर उत्तर-दक्षिणेचा दाब पडला की एक बाजू दुसऱ्या बाजूवर चढू पाहते. जबलपूरच्या भूकंपाची नोंद तपासल्यावर हीच गोष्ट आढळली. म्हणजे दाबाची दिशा कळणे हा निव्वळ बोगदे बांधणाऱ्यांचा प्रश्न राहत नाही. १९७८ सालापासून इंदूर जे पाणी पिते, ते मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून उपसून सुमारे सत्तर किलोमीटरांवरून चढवलेले नर्मदेचेच पाणी आहे.

आता ही दिशा कळते कशी, याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. कारण येथे कोणतीही जादू नाही आणि खर्चही प्रकल्पाच्या मानाने नगण्य आहे. सर्वमान्य रीत पाण्याची आहे. खडकात विंधण विहीर खोदतात. तिच्या एका सलग, भेगा नसलेल्या भागाच्या वर आणि खाली रबरी फुगे फुगवून मधली पोकळी बंद करतात आणि तीत पाणी दाबाने सोडतात. दाब वाढत जातो आणि एका क्षणी खडक चिरतो. ओंडक्यात पाचर ठोकली की लाकूड जिकडे कमी अडवते तिकडे उलगडते, तसाच खडकही ज्या दिशेने सर्वांत कमी आवळलेला असतो, त्या दिशेने दुभंगतो. म्हणून चीर ज्या रेषेत धावते, ती सर्वाधिक आडव्या दाबाची रेषा. पाणी सोडणे थांबवले की चीर मिटू लागते. ती ज्या दाबाला मिटते, तो किमान आडवा दाब. मग मऊ रबराचे वेष्टन असलेला फुगा खाली उतरवून भिंतीवर दाबतात. चिरेचा ठसा रबरावर उमटतो आणि होकायंत्राशी ताडून दिशा ठरते. अलीकडे ध्वनिलहरींनी विहिरीच्या भिंतीचे चित्रच काढता येते.

दुसरी रीत त्याहून स्वस्त, कारण ती फुकटात मिळालेल्या माहितीवर चालते. खोल विहिरीच्या भिंती कधीकधी समोरासमोरच्या दोन बाजूंनी आपोआप ढासळतात आणि गोल भोक लांबट होते. पूर्वी खोदकामवाले याला निव्वळ कटकट समजत. १९७९ साली कॅनडातील बेल आणि गॉफ यांनी आल्बर्टा प्रांतातील तेलविहिरींच्या अशा लांबटपणाचा अभ्यास करून दाखवले की, भिंती सर्वाधिक दाबाच्या काटकोनात ढासळतात. म्हणजे विहीर स्वतःच दिशा लिहून ठेवते, वाचणारा हवा. तिसऱ्या रीतीत लहान भोकात नाजूक मोजपट्ट्या चिकटवून त्याभोवती मोठे वर्तुळाकार भोक पाडतात. बाकीच्या खडकापासून सुटा झालेला तो दंडगोल दाबमुक्त होऊन किंचित फुगतो आणि कोणत्या दिशेने अधिक फुगला, त्यावरून हिशेब मांडता येतो.

याच विद्येचे आपल्या देशातील सर्वांत मोठे काम आमच्या शेजारी, सातारा जिल्ह्यात झाले आहे. कोयनेचे भूकंप आतून पाहता यावेत, म्हणून भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आणि २०१६–१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विहीर पाडली. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपून खाली जुनी ग्रॅनाइटसदृश भूमी लागली. इतक्या खोलीवर दर चौरस मीटराला आठ हजार टनांहून अधिक उभा भार असतो. तेथे भिंतीच्या चित्रांवरून आणि पाण्याच्या प्रयोगांवरून दाब मोजले गेले. तेथील खडक तुटण्याच्या सीमेवर टेकलेला आहे, जराशा कारणानेही तो सरकू शकतो, असे निष्कर्ष निघाले. ज्या पठारावर कोयना आहे त्याच काळ्या पाषाणाच्या पसाऱ्यावर, उत्तरेकडच्या टोकाला, माळवा आणि इंदूर बसले आहे. कराडमध्ये मिळालेला अनुभव इंदूरला कामी न येण्याचे काहीच कारण नाही.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. कोयनेची दिशा इंदूरला जशीच्या तशी लावणे म्हणजे सातारच्या रोग्याच्या नाडीवरून इंदूरच्या रोग्याला औषध देणे होय. देशाचा नकाशा कल सांगतो. जागेवरची दिशा दरीच्या काठाशी वळते, भ्रंशाजवळ फिरते, आणि लाव्हाच्या एका थरातून दुसऱ्यात जाताना तिचे प्रमाण बदलते. मनमाडचा मार्ग विंध्य उतरताना ढोबळमानाने दक्षिणेकडे जातो, तेव्हा नकाशातला दाब त्याच्या बोगद्यांना बराचसा समांतर पडावा. दाहोदचा मार्ग पश्चिमेकडे जात असल्यामुळे त्याच्या बोगद्यांना तो आडवा पडावा. हे आम्ही कागदावरून म्हणतो. विंध्याचा कडा तीव्र उताराचा आहे आणि अशा कड्यांशी दाब नेमका काय करतो, हे तेथे भोक पाडल्याखेरीज कोणी सांगू नये. सांगणारा अभियंता असला तरीही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करावयास हवी. राजवाड्याखालच्या मेट्रोसारख्या उथळ बोगद्यांत आडव्या दाबाचा वाटा मर्यादित असतो. वीस-पंचवीस मीटर खोलीवर सलग काळ्या पाषाणाची ताकद त्याच्यावरील दाबाच्या कितीतरी पट असते. तेथील खरा शत्रू म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारी तांबडी माती, पाण्याने भरलेल्या भेगा आणि वरच्या जुन्या इमारतींचे कच्चे पाये. राजवाड्याभोवतीचे वाडे दीडदोनशे वर्षांचे आहेत, त्यांच्या पायांचे नकाशे कोणाकडे असणार? तेव्हा दाब मोजला म्हणजे सगळे भागले, असे आमचे म्हणणे नाही. विंध्याच्या बोगद्यांत तो पहिला प्रश्न आहे, राजवाड्याखाली तिसरा किंवा चौथा. परंतु ज्या विहिरीतून दाब मोजतात, त्याच विहिरीतून तांबडी माती आणि पाणीही उजेडात येते. खर्च एकच आहे.

आमची तक्रार विद्येविषयी नाही, रीतीविषयी आहे. आपल्याकडे मार्ग आधी ठरतो, नंतर निविदा निघते, आणि खडकाची चौकशी अनेकदा कंत्राटदाराच्या गळ्यात पडते. काम अडले की 'अनपेक्षित भूगर्भीय परिस्थिती' हे शब्द फायलीत येतात. वाढीव रक्कम मागायला आणि मुदत वाढवून घ्यायला यांच्याइतके सोयीचे शब्द आम्हांला ठाऊक नाहीत. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितच असणार. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगदा ढासळला आणि ४१ मजूर १७ दिवस आत अडकले. ते सुखरूप बाहेर आले, तेव्हा देशाने दिवाळी साजरी केली. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तेलंगणातील श्रीशैलमच्या डाव्या कालव्याच्या बोगद्यात आठ जण अडकले. त्यांतला एकही जिवंत हाती लागला नाही. त्यांच्या घरी दिवाळी कोणी साजरी करायची? या दुर्घटनांची कारणे वेगवेगळी होती आणि सगळी दाबाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण खडकाची पुरती ओळख करून न घेता त्याच्या पोटात माणसे पाठवली जातात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. बोगद्यात जाणारा मजूर बहुधा झारखंडचा, बिहारचा किंवा ओरिसाचा असतो आणि भूगर्भाचा अहवाल त्याला कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, इंदूर–मनमाड मार्गाचा विंध्य उतरणारा टप्पा कायमचा आखण्यापूर्वी तेथे विंधण विहिरी पाडून दाबाची दिशा आणि प्रमाण मोजावे, आणि ते काम बोगदा खोदणाऱ्या कंत्राटदाराकडे न देता कोलारच्या किंवा कराडच्या संस्थेसारख्या त्रयस्थांकडे सोपवावे. अठरा हजार कोटींच्या कामात दहा-वीस विहिरींचा खर्च म्हणजे लग्नाच्या मांडवातली सुपारी. होळकर तुकोजीराव दुसरे यांनी १८७० साली खंडवा–इंदूर लोहमार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. त्या काळच्या अभियंत्यांपाशी खडकाचे मनोगत जाणण्याचे साधन नव्हते, त्यांना दोष देता येत नाही. आजच्यांना ती सबब उरलेली नाही.

आणि मोजल्यानंतर ते प्रसिद्ध करावे. १९८६ साली सुरू झालेला जागतिक दाब-नकाशा नावाचा एक प्रकल्प आहे. जर्मनीतील पॉट्सडॅम येथून तो चालतो. २०१६ च्या आवृत्तीत त्यात बेचाळीस हजारांहून अधिक नोंदी होत्या आणि कोणीही त्या विनामूल्य पाहू शकतो. त्या नकाशावर युरोप आणि अमेरिका ठिपक्यांनी भरून गेलेली दिसतात. आपल्या द्वीपकल्पावर ठिपके शोधावे लागतात. याचे कारण येथे विहिरी खोदल्या जात नाहीत हे नव्हे. धरणे, खाणी, वीजगृहे, बोगदे यांसाठी सरकारी पैशाने किती भोके पाडली गेली असतील! पण प्रत्येक खात्याचा अहवाल त्याच्याच कपाटात आणि कपाटाची किल्ली बदलून गेलेल्या साहेबांच्या खिशात. एका खात्याने मोजलेली दिशा दुसऱ्याला कळत नाही, म्हणून तो ती पुन्हा मोजतो किंवा, अधिक वेळा, मोजतच नाही. खडकाच्या दाबात राष्ट्राची कोणती गुपिते लपलेली आहेत, हे आम्हांला समजलेले नाही.

आमच्या दारातही हे सर्व आहे. कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्याची भिंत ६ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून गाड्या खोळंबल्या. तेथील दोष मऊ मातीचा आणि पावसाच्या पाण्याचा आहे, आडव्या दाबाचा नाही. तरीही जमिनीच्या पोटाची पूर्ण चौकशी आधी झाली असती तर, असा प्रश्न त्या रात्री मडगावच्या फलाटावर ताटकळलेल्या प्रत्येक प्रवाशाने मनात विचारला असेल. कॅसलरॉकच्या घाटात पोर्तुगीज अमदानीत खोदलेले बोगदे आहेत आणि तेथे दुसरा मार्ग टाकण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. तो वाद वाघांचा आणि झाडांचा होता. उद्या तो पुन्हा उभा राहिला, तर घाटाच्या खडकात दाब कोणत्या दिशेने आहे, हा प्रश्न आमच्या आमदारांनीही विचारावा. तोपर्यंत इंदुरात राजवाड्याखाली खोदकामाचे यंत्र उतरण्याआधी तेथील विहिरींचे अहवाल महापालिकेने हिंदीत आणि मराठीत छापून शहरातील वाचनालयांत ठेवावेत, एवढे तरी मध्य प्रदेश शासनाने करावे.